जुन्या मॅटाडोर कॅम्परचं पत्राकाम कोल्हापुरात स्वस्तात कसं होईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 1988 ची मॅटाडोर व्हॅन इचलकरंजीहून घेतलीत. आधीच्या मालकाने आत झोपायचा ओटा, छोटा किचन ओटा आणि छताला झरोका करून घेतलेला आहे. दारांच्या खाली, पायरीत आणि मागच्या चाकांच्या कमानीवर गंज दिसतोय. पुण्यात जुन्या गाड्या करणाऱ्या एका गॅरेजने साडेतीन लाख सांगितले, आणि कोल्हापुरातल्या एकाने "चाळीस हजारांत चकाचक करून देतो, बघाच तुम्ही" असं म्हटलं. पावसाळा संपला की कोकणात न्यायची आहे. यातला कुठला आकडा खरा?

दोघांनीही गाडी न उघडता आकडा सांगितलाय, तेव्हा दोन्ही सध्या बाजूला ठेवा. साडेतीन लाखांत शोरूमसारखी फिनिशिंग धरलेली असते, आणि तिची तुम्हाला गरज नाही. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा अख्खं कोल्हापूर माना उंचावून बघतं. ती शान त्या गाडीला शोभते. तुमच्या मॅटाडोरने गगनबावड्याच्या पावसात आत पाणी घेऊ नये आणि करूळ घाटात मजला खाली येऊ नये, एवढं झालं की काम झालं. चाळीस हजारांचं मात्र सरळ सांगतो, त्यात पत्रा बदलला जात नाही. गंजावर ग्राइंडर फिरवायचा, भोक असेल तिथे जाळी नाहीतर पातळ पत्र्याचा तुकडा चिकटवायचा, वर मेटल पेस्ट, पुट्टी, पॉलिश पेपर आणि रंग. गाडी महिनाभरात नवी दिसते. पण पुट्टी पाणी शोषते, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतून फुगत राहतो. दुसऱ्या पावसाळ्याआधीच रंगाला फोड येतात आणि त्या फोडाखालचा पत्रा आधीपेक्षा जास्त खाल्लेला निघतो. एकाच कामाचे पैसे तुम्ही दोनदा मोजता.

पत्र्याला हात लावण्याआधी आरसी बुक काढा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. 1988 च्या गाडीचं ते निदान पाच वेळा झालेलं असायला हवं. ते अखंड आहे का, आरसीवर गाडी खासगी आहे की माल वाहतुकीची, आतला बदल नोंदवलेला आहे का, हे आरटीओत आधी विचारून घ्या. वीस वर्षांपुढच्या हलक्या गाडीची नूतनीकरण फी 2025 पासून दहा हजार झाली आहे, ती बजेटमध्ये धरा. काही जण "व्हिंटेजमध्ये नोंदवून टाका" असा सल्ला देतील. व्हिंटेजचे 2021 चे नियम पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी आहेत, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. तुमची गाडी 2038 शिवाय त्यात बसत नाही, आणि बसली तरी तुम्हाला हवा तो वापर करता येणार नाही. रंग बदलायचा असेल तर तोही आरसीवर चढवावा लागतो. जुनाच रंग ठेवलात तर तेवढी धावपळ वाचते.

याच ओघात चेसिस नंबरचंही सांगतो. नंबर जिथे ठोकलेला आहे ती जागा गंजलेली असेल तर तिथे ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका. हाताने तारेच्या ब्रशने हळू साफ करा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, फोटो काढा आणि त्यावर ग्रीस लावून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी इन्स्पेक्टर तोच छाप घेतात. मिस्त्रीने जोशात तो आकडा घासून टाकला, तर गाडी कितीही मजबूत झाली तरी कागदावर ती मेली.

आता स्वस्ताईचा विचार करू. पत्रा महाग नसतो. आठ बाय चार फुटांचं 18 गेजचं सीआर (कोल्ड रोल्ड) शीट साधारण अठ्ठावीस किलो भरतं. किलोला सत्तर-ऐंशी रुपये धरले तरी एक शीट दोन-सव्वादोन हजारांत येतं. तुमच्या गाडीला फार तर तीन शीटं लागतील. पैसे जातात ते मजुरीत. डेंटरची, म्हणजे पत्रा करणाऱ्या मिस्त्रीची, हजेरी हजार-बाराशे आणि हेल्परची सहाशे-सातशे धरली, तर नुसत्या पंचवीस दिवसांच्या पत्राकामाचे पंचेचाळीस हजार होतात. चाळीस हजारांत रंगासकट गाडी कशी काय होते, ते या हिशोबातच दिसतं. म्हणजे बचत करायची तर मिस्त्रीचे दिवस वाचवायचे. आणि मिस्त्रीचे निम्मे दिवस वेल्डिंगमध्ये जात नाहीत, ते खोलण्यात, खरवडण्यात आणि शोधण्यात जातात. ही तिन्ही कामं तुम्ही घरच्या माणसांना घेऊन करू शकता.

ओटा, किचन, मजल्यावरचा प्लाय, पॅनेलमागचा थर्माकोल किंवा ग्लासवूल सगळं बाहेर काढा. हे सोडू नका. कॅम्पर गाडीचा गंज साध्या मॅटाडोरपेक्षा वेगळ्या ठिकाणी असतो. माणसं आत झोपतात, चहा करतात, त्याची वाफ पत्र्याच्या आतल्या बाजूला थंड होऊन पाणी होते आणि इन्सुलेशनमागून खाली उतरते. बाहेरून पत्रा शाबूत, आतून पोखरलेला, असं त्यामुळेच होतं. प्लायखाली सनमायका किंवा लिनोलियम चिकटवलेलं असेल तर तिथे मजला हमखास गेलेला असतो, कारण त्याखाली गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नसते. आणखी एक विचारतो. ही गाडी 2019 किंवा 2021 च्या पुरात उभी होती का? आधीच्या मालकाला विचारा, पण त्याच्या उत्तरावर विसंबू नका. खालच्या पोकळ भागात पंचगंगेचा बारीक गाळ बसलेला असेल तर तो वर्षभर ओल धरून ठेवतो. सिलच्या, म्हणजे दारांखालच्या पोकळ पट्टीच्या, खालच्या ड्रेन होलमधून (पाणी निघायच्या भोकातून) तार घालून बघा. राखाडी-काळी माती सुटली तर तो भाग आतून उघडूनच करावा लागेल.

मग एक जाड स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन गाडीखाली जा. हातोडीच्या दांड्याने ठोकत चला. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, पुट्टी भरलेला भाग बद्द वाजतो. शंका आली की स्क्रू ड्रायव्हर रेटा. रेटताना कोणाची भीड बाळगू नका, जो पत्रा स्क्रू ड्रायव्हरने फुटतो तो तसाही राहणार नव्हता. फुटेल तिथे खडूने गोल करा, आणि गोलाबाहेर बोटभर चांगला पत्रा दिसेपर्यंत रेषा बाहेर सरकवा. दारांची खालची घडी, पायरीचा खड्डा, काचेच्या रबराखालची खालची कड, छताची पन्हळ, चाकांच्या कमानींचे सांधे, आणि मजल्याखालचे आडवे क्रॉस मेंबर जिथे चेसिसच्या मुख्य पट्ट्यांना मिळतात ते कोपरे, यातलं काहीही सोडू नका. सगळ्याचे फोटो घ्या. या फोटोंवर आणि खडूच्या रेषांवरच मिस्त्रीशी बोला. मग तो "बघूया, उघडल्यावर सांगतो" असं म्हणू शकत नाही, कारण तुम्ही गाडी आधीच उघडलेली असते.

कोल्हापूरचा खरा फायदा पुढे आहे, आणि बाहेरगावच्या माणसाला तो कळत नाही. अख्खं काम एकाच गॅरेजला देऊ नका. इथे तीन वेगळ्या प्रकारचे कारागीर आहेत आणि तिघंही आपापल्या कामात पक्के आहेत. क्रॉस मेंबर, चेसिसची पट्टी, जाड लोखंड यासाठी उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. तीन-चार मिलिमीटरच्या लोखंडावर तो रोज वेल्डिंग करतो, आणि ट्रॉलीवर दहा टन ऊस लादायचा असल्यामुळे त्याला ताकदीचा अंदाज असतो. पण त्याला पातळ पत्रा देऊ नका, आर्कच्या एका टाक्यात भोक पाडून मोकळा होईल. मजला, सिल आणि बाहेरचं कातडं बस-ट्रक बॉडीच्या पत्रेवाल्याकडून करून घ्या. मॅटाडोर म्हणजे शेवटी पत्र्याची पेटी आहे. मोठे सपाट पत्रे न वाकवता कसे बसवायचे, हे या माणसाला कारच्या डेंटरपेक्षा जास्त कळतं, आणि मजुरी कमी असते. रंगाला तेवढा कारचा पेंटर घ्या. घड्या मारायच्या, चॅनेल बनवायचा, तर उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात बेंडिंग-शिअरिंगचं, म्हणजे पत्रा मशीनवर वाकवून-कापून द्यायचं, जॉबवर्क करणारे आहेत. कागदावर मापं लिहून न्या, सिल आणि क्रॉस मेंबर दोन्ही बाजूंचे एकदम मोडून घ्या. हाताने ठोकून जे दोन दिवसांत होतं ते प्रेसवर तासाभरात होतं, आणि सरळ होतं.

हे तिघं एकमेकांवर ढकलणार, हा धोका आहेच. त्याला उपाय म्हणजे एक काम पूर्ण झाल्याशिवाय गाडी पुढे हलवायची नाही, आणि प्रत्येकाला त्याच्या कामाचे पैसे टप्प्याने. मटेरियल शक्यतो स्वतः आणून द्या. अंगावर घेतलेल्या कामात 18 गेजच्या जागी 22 गेजचा पत्रा सर्रास येतो. 18 गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, 22 म्हणजे पाऊण. रंगाखाली दोन्ही सारखेच दिसतात. मजला आणि सिलला 18, बाहेरच्या कातड्याला 20 पुरतं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरावा असं बरेच जण म्हणतात. चांगला आहे, पण वेल्डिंगच्या जागी झिंक आधी घासून काढायला लावा, नाहीतर टाका पोकळ राहतो आणि त्या धुराने मिस्त्रीला रात्री ताप भरतो.

प्रत्यक्ष कामात दोन गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवा. पहिली म्हणजे सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत तिरपा अँगल टाका आणि टाके मारून घट्ट करा. गाडी सपाट जागेवर, अॅक्सलखाली स्टँड देऊन उभी करा. दारं लावलेली असू द्यात, सिल बसवताना उघडून-मिटून बघा. ही तयारी न करता सिल कापलं तर चौकट अर्धा इंच बसते, आणि मग दार कधीच नीट लागत नाही. जन्मभर ते आपटून लावायचं, नाहीतर फटीतून पाणी घ्यायचं. दुसरी गोष्ट वेल्डिंगची. मिग वेल्डिंगच हवं, आपल्याकडे सगळे त्याला सीओटू म्हणतात. पातळ पत्र्यावर गॅसने केलं तर उष्णता पसरून मोठा पत्रा लाटांसारखा होतो, मग तो सपाट दाखवायला परत पुट्टी लागते. मिगनेही एका दमात लांब रेघ मारू द्यायची नाही. इथे बोटभर टाका, मग हातभर अंतरावर दुसरा, मग मधला, असं फिरत यायचं. जुने मिस्त्री पितळ भरून सांधे करतात. पन्हळीच्या एखाद्या फटीला ते चालतं, खांबाला आणि सिलला नको.

आगीबद्दल न बोलता पुढे जाता येत नाही. गॅस सिलिंडर, शेगडी, गाद्या, पडदे, थर्माकोल गाडीत असताना कोणी वेल्डिंग सुरू करत असेल तर त्याला थांबवा. डिझेल टाकी काढून ठेवा, बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, अल्टरनेटरचं कनेक्शनही. एक माणूस आतल्या बाजूला ओलं पोतं आणि पाण्याची बादली घेऊन बसवा. बाहेरून टाका मारताना आत काय पेटतंय ते वेल्डरला दिसत नाही. वेल्डिंग संपल्यावरही अर्धा-पाऊण तास गाडी सोडून जाऊ नका.

जिथे पत्रा कापायची गरज नाही, नुसता वरवरचा लाल थर आहे, तिथे वायर व्हीलने घासून फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं की थर काळा पडतो आणि त्यावर प्राइमर धरतो. पण ते फक्त वरच्या गंजावर चालतं. दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेल्या गंजापर्यंत ते पोचतच नाही, त्यामुळे फुगलेल्या सांध्यावर ते ओतणं म्हणजे पैसे ओतणं. सांधा उघडा, नाहीतर कापा.

नव्या उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी प्राइमर गेला पाहिजे. आपल्याकडे सवयीने रेड ऑक्साइड मारतात. ते स्वस्त आहे, पण एकट्याने पाणी अडवत नाही. हार्डनर घालायचा दोन डब्यांचा इपॉक्सी प्राइमर घ्या. इथे चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्यात, वरच्या रंगात वाचवा. प्राइमर वाळल्यावर प्रत्येक सांध्यात आतून-बाहेरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, मग खालून अंडरकोट. अंडरकोट मारणारा पोरगा घाईत ड्रेन होलही बुजवून टाकतो. मारण्याआधी प्रत्येक भोकात लाकडी काडी खोचून ठेवा, नंतर ओढून काढा. सिलच्या आत, क्रॉस मेंबरच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात मारायचा मेणाचा थर) मारून घ्या, तो मिळाला नाही तर ग्रीस पातळ करून मारा. बाहेरून हे कोणालाच दिसणार नाही, पण गाडी पुढची दहा वर्षं टिकली तर ती यामुळे टिकेल.

छताचा झरोका मात्र नीट बघा. आधीच्या मालकाने छत कापताना कड नुसती वाकवून वर सिलिकॉन लावलेलं असेल, तर सगळ्या गाडीच्या गंजाचं मूळ तिथेच निघू शकतं. सिलिकॉनचा थेंबही शिल्लक न ठेवता ते खरवडा, कारण त्यावर रंगही धरत नाही आणि नवा सीलंटही धरत नाही. कापलेल्या कडेभोवती वर उचललेली पत्र्याची फ्रेम वेल्ड करून घ्या, म्हणजे पाणी साचणार नाही. खिडक्यांची रबरं जुनी ठेवू नका. पत्र्यावर लाख घातले आणि रबर कडक झालेलं तेच परत बसवलं, असं फार वेळा बघितलंय.

रंगासाठी पीयू चांगला, पण एकच रंग, मेटॅलिक नको. पुढेमागे एखादा पत्रा बदलावा लागला तर तेवढाच भाग रंगवून खपतो. पावसाळी हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला तर तो पांढरट पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर रंगाचं काम काढूच नका.

वेळेचं गणित जमलं तर पैसे आणखी वाचतात. ट्रॉलीवाले गळीत हंगामाआधी, म्हणजे ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, मान वर करत नाहीत. बस बॉडीवाल्यांकडे एप्रिल-मेमध्ये शाळांच्या गाड्यांची रांग असते. जानेवारी ते मार्च हा दोघांचाही निवांत काळ. तेव्हा दर उतरतो, आणि मालक स्वतः कामाला उभा राहतो. तुम्हाला लगेच कोकणात जायचंय म्हणून घाईने आताच सगळं काम काढलंत तर ट्रॉलीवाला तुमची गाडी कोपऱ्यात लावून ठेवेल आणि ती पावसात उघड्या पत्र्याने उभी राहील. या वर्षी फक्त क्रॉस मेंबर, सिल आणि छताची गळती करून घ्या. मजला आणि बाहेरचा पत्रा जानेवारीत, रंग मार्चमध्ये.

अशा रीतीने गेलात तर, खोलणं तुमचं, मटेरियल तुमचं, तीन कारागीर वेगळे धरून, माझ्या अंदाजाने रंगासकट सव्वा लाखाच्या आसपास बसेल. रंग साधा ठेवलात तर लाखाच्या आतही येऊ शकतं. पण दोन्ही मुख्य पट्ट्या क्रॉस मेंबरच्या जोडापाशी आरपार गेलेल्या असतील, स्क्रू ड्रायव्हर दोन-तीन ठिकाणी थेट आत जात असेल, तर काम सुरू करू नका. आतलं सामान, काचा, दारं काढून ठेवा आणि शाबूत चेसिसची दुसरी मॅटाडोर शोधा. बजाज टेम्पोने 1969 पासून या गाड्या काढल्या, खेडोपाडी अजूनही एखादी गोठ्याशेजारी उभी सापडते. देशावरची, कोरड्या भागातली मिळाली तर उत्तम.

कोकणातून परत आलात की दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरला न्या आणि खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. चाकांच्या कमानींच्या आत आणि क्रॉस मेंबरच्या वरच्या बाजूला पाइप लावायला सांगा. सांगितल्याशिवाय ते फक्त बाजू धुतात.